बरी झालेली मुलगी

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी दुसरं गीत झालं की साक्षीची वेळ असते. ज्याला देवानं काही चांगलं दिलं असेल त्यानं उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. कोणाची हरवलेली म्हैस सापडलेली असते, कोणाच्या जावयाची दारू सुटलेली असते, कोणाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागलेली असते. मी लहानपणापासून या साक्षी ऐकत आले आहे. त्या सगळ्या संपलेल्या दुःखाच्या असतात हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ज्याचं दुःख अजून चालू आहे तो त्या वेळेला मान खाली घालून बसतो. त्याच्यासाठी पुढं विनंतीच्या प्रार्थनेत जागा ठेवलेली असते. पाळकसाहेब एकेक नाव घेतात, लोक डोळे मिटतात.

माझ्या मुलीचं नाव त्या विनंत्यांमध्ये इतकी वर्षं होतं, की ते ऐकलं नाही तर पोरांना उपासना संपल्यासारखी वाटली नसती.

तिला सिकलसेल आहे. आमच्या यवतमाळात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं हाडाच्या आतून दुखतं. थंडीत दुखतं, पाणी कमी प्यायलं तर दुखतं, धावपळ झाली तर दुखतं, आणि कधी काहीच झालेलं नसतानाही दुखतं. अर्धा दोष माझ्या रक्तातून तिच्याकडे गेला, अर्धा तिच्या वडिलांच्या. आम्हा दोघांना मात्र काही होत नाही. आम्ही धडधाकट. याचा मला कधी कधी इतका राग येतो की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं, आणि मी आपटतेही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. तिचे वडील एसटीत वाहक आहेत, म्हणजे आठवड्यातले बरेच दिवस ते दुसऱ्या कुठल्या तरी डेपोत झोपतात. घरी आम्ही दोघी. रोज सकाळी माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "डोळे दाखव." डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पिवळेपणा आला की समजायचं, रक्त मोडतंय. मग शाळेत फोन, रिक्षा, सरकारी दवाखाना, सलाईन, कधी रक्ताची पिशवी. दवाखान्यातल्या आयाबाया मला नावानं ओळखतात. कोणत्या खाटेचा पंखा चालतो हे मला माहीत आहे.

मंडळीतले लोक चांगले आहेत. आमच्या घरी डबे आले, माणसं आली, रक्त द्यायला तरुण मुलं आली. पण त्यांच्याबरोबर वाक्यंही यायची. "देव परीक्षा पाहून राह्यला बाई." मी एकदा चिडून म्हटलं होतं, सगळ्या परीक्षांचं केंद्र आमच्याच घरी काहून हाये? ती बाई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आणि दर रविवारी चर्चच्या दारात तोच प्रश्न, "आता बरं हाये ना पोरीले?" मी "हो" म्हणायची. थकलेल्या माणसाला "हो" हा सगळ्यात छोटा शब्द सापडतो.

मग एका उन्हाळ्यात डॉक्टरांनी औषध बदललं. महिना गेला, दुखणं आलं नाही. पावसाळा गेला, आलं नाही. पोळा झाला, दसरा झाला. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, मैत्रिणींबरोबर पायी जायला लागली, तिच्या गालांवर मांस आलं. मी रोज डोळे बघत होते आणि ते रोज पांढरेशुभ्र होते. मला भीती वाटायची की मी आनंद केला तर तो कोणाला तरी ऐकू जाईल.

त्याच दिवसांत एका रविवारी, साक्षीच्या वेळेला, ती माझ्या शेजारून उठून उभी राहिली. मला तिनं आधी सांगितलं नव्हतं. म्हणाली, "येशूनं मले बरं केलं. इतके महिने झाले, मले एकदाही दुखलं नाही. तुम्ही सगळ्याइनं प्रार्थना केली म्हणून मी हे सांगून राह्यली." असं आमेन त्या चर्चच्या भिंतींनी कधी ऐकलं नसेल. म्हाताऱ्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मीही रडले. त्या दिवशी ती खोटं बोलली नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

तेव्हापासून ती मंडळीची "बरी झालेली मुलगी" झाली. आमच्याकडे आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते. त्या घरांतून निरोप यायला लागले, पोरीले आणा. कोणाच्या सासऱ्याला अर्धांगवायू झाला, पोरीचा हात ठेवा. कोणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, पोरीचा हात ठेवा. तीही हौसेनं जायची. ते मला समजत होतं. जन्मभर जिच्या डोक्यावर दुसऱ्यांनी हात ठेवले, तिला आता स्वतःचा हात दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला मिळत होता. घरी आली की म्हणायची, "आई, त्या काकाइचे डोळे पाह्यले का तू? कसे पाहून राह्यले होते माह्याकडं!"

दिवाळीनंतर एका सकाळी मी नेहमीसारखं म्हटलं, डोळे दाखव. ती वैतागली.

"आता कायले पाहतं आई? मी बरी हाये ना?"

मी बघणं सोडलं. खरं तर मला सुटल्यासारखं झालं. इतक्या वर्षांनी सकाळी उठून पहिल्यांदा चहाचा विचार करता येत होता.

राळेगावच्या पुढं एका गावातून एक आजी आमच्या चर्चला येते. घरात ती आणि तिची सून, मुलगा कुठं तरी बांधकामावर, आणि एक नातू. नातवाला झटके येतात. चार-पाच वर्षांचं पोर, पण अजून धड उभं राहत नाही. आजीनं त्यांच्या घरी प्रार्थना मागितली. रविवारची उपासना आटोपून आम्ही सात-आठ बाया आणि माझी मुलगी एसटीनं निघालो. कापूस वेचणीचे दिवस होते. खिडकीतून गार वारा येत होता, मी तिला स्वेटर घाल म्हटलं, तिनं लगेच घातला. एरवी तिला स्वेटरसाठी तीनदा ओरडावं लागायचं.

आजीच्या घरात पुढची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली, म्हणून अंगणातच सतरंजी टाकली होती. पोराला खाटेवर निजवलं होतं. चहा झाला, एक गीत झालं. मग मुलगी उठली, खाटेजवळ सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकले, पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. चांगली केली. लांबवली नाही, मोठमोठे शब्द वापरले नाहीत. "प्रभू, ह्याले उभं कर, ह्याच्या आजीले आराम दे." आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं, डोळे उघडले.

ती उठली नाही.

तिचं कपाळ खाटेच्या लाकडी कडेवर टेकलेलं होतं. डोळे मिटलेले, गालावरून पाणी वाहत होतं, ओठ हलत होते. माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, "आत्मा उतरला पोरीवर." दुसरीनं एक संथ चाल धरली. बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. आजी हात जोडून उभी होती. त्या अंगणात सगळ्यांचे चेहरे उजळलेले होते आणि मी माझ्या मुलीच्या हाताकडे बघत होते. तिनं खाटेची दोरी मुठीत धरली होती, नखं पांढरी पडली होती. ओठ हलत होते, पण ते प्रार्थनेचे शब्द नव्हते. ती श्वास मोजत होती. दुखायला लागलं की श्वास मोजायचा, हे तिला चार वर्षांची असताना मीच शिकवलं होतं.

"गाणं थांबवा!" मी ओरडले. वर्गात ओरडते त्या आवाजात.

टाळ्या थांबल्या. एक बाई समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाई, आत्म्याले अडवू नका."

"आत्मा नाई वो, हाड दुखून राह्यलं तिचं. सरका!"

मी तिला उचलायला गेले तर ती किंचाळली. तेवढ्या किंकाळीनं सगळ्यांना कळलं. मग मात्र त्याच बाया धावल्या. कोणी पाणी आणलं, कोणी अंगावर चादर घातली, आजीनं शेजारच्या तांड्यावरच्या एका माणसाची गाडी आणवली. राळेगावला सलाईन लागलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं यवतमाळला. मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, दुखणं छातीत उतरायला सुरुवात झाली होती, आणखी एक-दोन दिवस असेच काढले असते तर अवघड होतं. मी मान डोलावली. मला रडूही येत नव्हतं, इतका शीण आला होता. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि समोरच्या बेसिनच्या गळणाऱ्या नळाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बोलण्याइतकी सावध झाली. नाकात ऑक्सिजनची नळी होती. मी विचारलं, "कधीपासून दुखून राह्यलं होतं?"

"दिवाळीपासून."

"आन् सांगतलं काहून नाई?"

तिनं तोंड भिंतीकडे केलं. "कसं सांगू? सगळ्याइसमोर साक्ष देल्ली मी. आता दुखते म्हणलं तर देव खोटा पडन."

दिवाळीपासून ती पहाटे माझ्या आधी उठून कढत पाण्यानं अंग शेकत होती. औषधांच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून कॉलेजच्या पिशवीत ठेवत होती. गोळी घ्यायची, प्रार्थनेला जायचं, कोणाच्या तरी डोक्यावर हात ठेवायचा, घरी येऊन तोंडात ओढणी कोंबून पडायचं. हे सगळं देवाची लाज राखण्यासाठी. मला इतका संताप आला की ती आजारी आहे हेही मी क्षणभर विसरले.

"देव खोटा पडन? इतका कच्चा हाये का थो? तू गोळ्या गिळून गप राह्यली म्हणून टिकून हाये का?"

"तसं नाई व आई."

"मंग कसं?"

"त्या पोराची आजी... मी बरी झाली म्हणून तिले आशा हाये. माह्यंच दुखते म्हणलं तर तिनं कोणाकडं पाहावं?"

उत्तर नसलं की मी जास्त मोठ्यानं बोलते, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "हे पाह्य. येशू मेलेल्यातून उठला, तवा शिष्याइले हात दाखवले ना त्यानं? खिळ्याचे भोकं होते ना हाताले? मेलेलं माणूस जितं करनाऱ्या देवाले दोन भोकं बुजवता आले नसते का? नाई बुजवले. तसेच दाखवले. आन् तू इथी लपवून राह्यली!"

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मी वर्षानुवर्षं रविवारच्या शाळेत मुलांना ही गोष्ट सांगितली आहे, चित्रं रंगवून घेतली आहेत, पण हातांच्या त्या भोकांचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आला तोही प्रार्थना करताना नाही, पोरीवर खेकसताना. मी खाटेच्या कडेला बसले. मुलीनं माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "आई, लय दुखून राह्यलं."

"कुठं?"

"सगळीकडं."

मी तिचे पाय मांडीवर घेतले.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. येताना संत्री आणली होती. त्यांना गावाकडची हकीकत कळलेली होती. स्टुलावर बसले, कपाळावरचा घाम पुसला, सवयीनं डोळे मिटायला लागले. मी म्हटलं, "साहेब, आज बरं कर म्हणू नका. मी थकली आता त्या शब्दाले."

मला वाटलं रागावतील. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "मग काय मागू बाई?"

"मले नाई माहीत. झोप मागा."

आणि त्यांनी खरंच झोप मागितली. मायलेकींना झोप दे, एवढंच. दोन वाक्यांत प्रार्थना संपली. त्यांच्या तोंडून इतकी आखूड प्रार्थना मी कधी ऐकली नव्हती. ते गेले आणि मी खाटेखाली चटई टाकून जी आडवी झाले ती सिस्टरनं हलवून उठवेपर्यंत. देवानं माझी कोणतीही मागणी इतक्या तातडीनं पुरी केल्याचं मला आठवत नाही.

दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर मुलगी म्हणाली, रविवारी मले बोलायचं हाये. मी नको म्हटलं. लोकांनी तिला एकदा डोक्यावर घेतलं होतं, आता तेच लोक तिला कसे बघतील याची मला धास्ती होती. माझं पोर त्या बाकावरून परत मान खाली घालून घरी आलं तर ते पुन्हा कधी तिथं पाऊल टाकणार नाही, कदाचित मीही नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिच्या वडिलांनी फोनवर माझीच बाजू घेतली. पण ती ऐकायला तयार नव्हती. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, साक्षीची वेळ सगळ्यांची आहे, मी कोण अडवणारा?

त्या रविवारी दुसरं गीत संपलं आणि ती पुढच्या बाकाला धरून उभी राहिली. आवाज बारीक होता. "मी मागं म्हणलं होतं, मी बरी झाली. मी बरी नाई झाली. मधात दुखलं नाई, थे खरं हाये, त्याच्यासाठी मी देवाची आभारी हाये. पण आता पुन्हा दुखते. आताही दुखून राह्यलं. मी थे लपवलं. देव सोडून गेला नाई मले. एवढंच सांगायचं होतं."

कोणी आमेन म्हटलं नाही. आमच्यातले एक वडील गृहस्थ, ज्यांचं आमेन रस्त्यापर्यंत ऐकू जातं, गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत होते. मागून एक आवाज आला, "विश्वास डगमगला का असंच होते." मी उठणार होते. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण माझ्या आधी बायांच्या शेवटच्या रांगेतून राळेगावकडची आजी उठली. ती आलेली मला माहीतच नव्हतं. तिला हाताचा आधार द्यायला कोणी नव्हतं, ती बाकं धरत धरत पुढं आली.

"माह्या नातवाले अजून झटके येतेत," ती म्हणाली. "या पोरीनं हात ठेवला, पन थो उभा नाई झाला. मी खोटं नाई सांगत. पन दोन वर्ष झाले, किती लोकं येऊन गेले आमच्या घरी. उभ्यानं प्रार्थना करतेत, चहा पेतेत, जातेत. ही पोरगी सोताचे हाडं मोडून राह्यले असतानी माह्या नातवासाठी गुडघ्यावर बसली. आमच्यासाठी असं आतापरेंत कोनी बसलं नोतं. मले लय एकटं वाटे. आता नाई वाटत. हेच माही साक्ष हाये."

मग ती आमच्या बाकावर आली, माझ्या मुलीला सरक म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. त्यानंतर कुठून तरी एक आमेन आलं, मग दुसरं. ते सुरात नव्हतं. मग पाळकसाहेब पुढच्या शास्त्रपाठाकडे वळले.

त्या दिवसापासून मंडळी बदलली असं मी म्हणणार नाही. काही घरांतून निरोप यायचे बंद झाले. तो मागचा आवाज कोणाचा होता हे मला माहीत आहे, आणि मंडळीच्या रीतीप्रमाणे मी त्याला सलाम करते तेव्हा माझा हात अजून जड होतो. माझ्या मुलीचं नाव पुन्हा विनंत्यांमध्ये आलं आहे, आता त्याच्या पुढं त्या नातवाचंही असतं. मी अजून थकलेली आहे. कशाच्याही शेवटी आम्हाला आराम मिळेल असं मला दिसत नाही, या जगात तरी नाही. पुढच्या जगाबद्दल माझा विश्वास आहे, पण तिथं पोहोचेपर्यंत रोज सकाळी उठावं लागतं.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. शाळेला उशीर झाला होता. आतल्या खोलीतून आवाज आला, चांगला खणखणीत, शेजारच्या घरापर्यंत जाईल असा.

"आई! ये व लवकर, पाय दुखून राह्यला!"

ती लहान असताना अशी हाक मारायची. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी आधी देवाचे आभार मानले, आणि मग गॅसवर पाणी ठेवलं.